सातवी चूक

एका पॅचच्या सात आवृत्त्या परत आल्या. परीक्षकाने दर वेळी नेमकी एकच चूक दाखवली. त्यांतल्या सहा चुका पहिल्याच आवृत्तीत होत्या. सातवी नव्हती.

पॅच लिहिणारी आणि परीक्षक, या दोघांची गाठ पडली ती कचेरीतल्या फ्रिजसमोर. तिने आपल्या डब्यावर कागद चिकटवला होता: ‘माझा_डबा’. खांद्यामागून आवाज आला, “नावात अंडरस्कोअर नको. जोडरेघ हवी.”

ती वळली. “हे नाव नाही, लेबल आहे. लेबलात अंडरस्कोअरच लागतो, जोडरेघ चालत नाही.”

तो क्षणभर डब्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे... गरजेपेक्षा जरा जास्त वेळ.

“बरोबर आहे. दोन वर्षांत मला इथे कुणी दुरुस्त केलं नव्हतं.”

“मग सवय करून घ्या.”

सगळी कचेरी त्याला ‘जोडरेघ’ म्हणते, हे तिला दुपारी कळले. आपल्या कामाचा परीक्षक तोच आहे, हे संध्याकाळी.

ती कंत्राटावर आली होती, एका नव्या बोर्डाचे वर्णन लिहायला. बोर्डावर कोणती चिप कुठे बसवली आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आपोआप कळत नाही. ते फाइलीत लिहून द्यावे लागते. नावे कशी द्यायची याचेही नियम असतात. नावातून ती वस्तू काय आहे ते कळावे, तिचा मॉडेल क्रमांक नव्हे. नावात जोडरेघ चालते, अंडरस्कोअर नाही; त्याच वस्तूला फाइलीत दिलेल्या खुणेत, म्हणजे लेबलात, नेमके उलटे. असा बदल तपासणीसाठी पाठवला की त्याला पॅच म्हणतात. शुक्रवारी तीनपर्यंत तो स्वीकारला गेला तर तिची पुढची नोकरी पक्की होती. नाहीतर पुढच्या फेरीसाठी तीन महिने थांबायचे, आणि इतके थांबायला नवे मालक तयार नव्हते.

पहिला शेरा आला: ‘नावातून मॉडेल क्रमांक काढा.’ तिने काढला. चार दिवसांनी दुसरा: ‘चिपच्या पत्त्याच्या सुरुवातीचे शून्य नको.’

ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली. “हे शून्य मागच्या वेळी दिसलं नाही?”

“तेव्हा लक्ष दुसरीकडे होतं—”

“कुठे?”

“...दुसरीकडे.”

मग कॅपिटल अक्षर. मग चिपांचा क्रम. दर शेऱ्यामागे तिची त्याच्या टेबलापर्यंत एक फेरी, आणि दर फेरीला त्याच्या पेनाचे टोपण टेबलाखाली घरंगळायचे. तिला कशातच चैन पडेना. मेल उघड, बंद कर, पुन्हा उघड. नवा शेरा नसला की जीव भांड्यात पडायला हवा होता. तो उलट टांगणीला लागायचा.

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई शाळेत गणित शिकवते.

“सहा वेळा परत? अगं, वही मी एकदाच तपासते. एकाच वहीसाठी सहा वेळा लाल पेन उघडणारा मास्तर आळशी नसतो.”

“मग काय असतो?”

“त्याला वही हवी असते, बावळट! सहाही चुका पहिल्यापासून होत्या का, ते आधी बघ.”

तिने पहिली आवृत्ती काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. होत्या. सहाही. तिची कानशिले तापली. पण निव्वळ रागाने तापली होती, असे तिला खात्रीने सांगता आले नसते. तासाभराने तिने सातवी आवृत्ती पाठवली.

शुक्रवारी दुपारी दोनला ती आवृत्ती परत आली: ‘नावात अंडरस्कोअर.’

“सहाही चुका पहिल्या दिवशीच दिसल्या होत्या ना?” त्याच्या टेबलापाशी उभी राहून तिने विचारले.

“...हो.”

“माझी नोकरी यावर टांगली होती. ठाऊक आहे?”

त्याचा चेहरा उतरला. “काल कळलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. माझी ढिलाई समजा.”

“ते मॉडेलचं नाव झालं. वस्तू काय आहे ते सांगा.”

टोपण घरंगळले. या वेळी ते उचलायला तो वाकला नाही.

“तुम्ही मला आवडता.”

“आता नियमात बसलं.”

“पण पॅच गेला की तुम्ही जाणार—”

“चार बसथांबे पुढे. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

तो हसला, मग थबकला. “एक मात्र कळत नाही. लेबल आणि नाव यांतला फरक तुम्हीच मला शिकवलात. मग हा अंडरस्कोअर चुकून कसा आला?”

“चुकून नाही आला.”

आठवी आवृत्ती दोन वाजून चाळीस मिनिटांनी स्वीकारली गेली.

सात वेळा परत येण्याचे कारण असे. सहा चुका त्याने एकेक करून दाखवल्या. एकदम दाखवल्या असत्या तर ती त्याच्याकडे एकदाच आली असती. सातवी तिने स्वतः घातली. सहा संपल्यावर त्याच्या टेबलापाशी जायला तिच्याकडे दुसरे निमित्त उरले नव्हते.