वल्ह्याची खोट

बेंगळुरूत कोरमंगलातल्या कॉफीच्या दुकानात संध्याकाळी उभं राहायलाही जागा नव्हती. बाहेर भुरभुर चालू होती. मनस्विनी एका हातात पेला, दुसऱ्या हातात फोन धरून मैत्रिणीला सांगत होती, "वर्षभर वाट पाहिली गं त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाची. आणि होडी काठाला लागतच नाही. नदीच्या मध्यावर नुसती गोल फिरते. ज्यानं केली ना, त्यालाच बसवायला हवं तीत."

शेजारच्या तरुणाला ठसका लागला. कॉफी सदऱ्यावर सांडली.

"स्वल्प... जरा सांभाळून," ती म्हणाली.

"होडी... मीच केलीय ती," तो म्हणाला. "मी प्रणीत."

तिनं फोन बंद केला. "मग अशी का सोडलीत?"

"कंपनीच्या मालकांनी युगादीचा, म्हणजे पाडव्याचा, मुहूर्त धरला. होडी कच्ची आहे म्हणालो, तर म्हणे, मुहूर्त टळला की नाट लागते."

"मुहूर्तावर लग्न लागलं, नि नवरदेवाला पायच नाहीत."

तो हसला, पण मान खाली गेली. कंपनीनं आता नवा खेळ हाती घेतला होता. जुन्याकडे बघायला कुणी नव्हतं. त्यालाही पुण्यात नोकरी मिळाली होती. महिनाअखेरीस निघायचं होतं, त्यानं सांगितलं.

"होडी काठाला लावूनच जाणार मात्र. मालक म्हणाले, कामाच्या वेळेनंतर करत असशील तर कर."

"सरी, ठीक आहे. मग तपासायला मी," मनस्विनी म्हणाली. "आमच्या जे. पी. नगरात कुठल्याही भाजीवाल्याला विचारा, मला फसवणं सोपं नाही."

रोज संध्याकाळी त्याच दुकानात लॅपटॉप उघडू लागला. ती खेळायची, चुका काढायची. तो मुकाट्यानं दुरुस्त करायचा. होडी खडकावर चढली, हवेत तरंगली, एकदा तर नावाड्याला सोडून एकटीच निघाली.

"तुमच्यासारखीच... पुण्याला," ती म्हणाली. मग दोघंही उगाच आपापल्या पेल्यात बघत राहिले.

एका शनिवारी होडी अलगद काठाला लागली. प्रणीतनं टाळीसाठी हात पुढे केला. तिनं टाळी दिली, आणि मनात आलं, आता भेटायचं कशाला?

"वल्हं अडकतं," ती घाईनं म्हणाली. "मधूनच. काल घरी अडकलं होतं."

पुढचा आठवडा तो ती खोट शोधत राहिला. सापडेना. डोळ्यांखाली काळं आलं, तरी सोडेना. शेवटी त्यानं फोन हातात घेतला.

"पुण्याला कळवतो, येत नाही म्हणून. हे अर्धवट टाकून जाणार नाही."

ती गप्प राहिली असती, तर तो इथेच राहिला असता.

"थांबा," ती म्हणाली. "वल्हं अडकत नाही. कधीच अडकलं नव्हतं."

"मग?"

"होडी झाली की तुम्ही येणं बंद केलं असतं. मला ते नको होतं... पण खोटं सांगून तुम्हाला ठेवून घ्यायचं नाही. जायचं तर जा. तुम्ही मला आवडता, एवढं ऐकून जा."

त्यानं लॅपटॉप मिटला.

"आठवडाभर धड झोपलो नाही मी."

"ठाऊक आहे."

"राग आलाय."

"येऊ दे."

त्यानं नंबर लावला, नजर तिच्यावरच ठेवून.

"नमस्कार सर, प्रणीत बोलतोय. नाही, पुण्याला येत नाही मी... पक्कं. कारण?" तो क्षणभर थांबला. "घरगुती आहे, सर."

फोन ठेवला, तेव्हा मनस्विनीचे कान लाल झाले होते. पण नजर तिनं वळवली नाही.

"तर मग रविवारी घरी ये," ती पहिल्यांदाच एकेरीत म्हणाली. "माझे वडील, अण्णा, प्रश्न फार विचारतात. तयारीनं ये."