फेरी बाकी आहे

लिफ्टने एक आचका दिला, दिवा गेला, आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. आत एक तरुणी, एकटीच. खांद्याला पिशवी, हातात खडूचा डबा, आणि वर चौथ्या मजल्यावर इंग्रजीच्या वर्गात तिची वाट पाहणारे विद्यार्थी. तिने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या, आणि हात दुखले तशी खाली बसकण मारली. एरवी भल्याभल्यांना वर्गात उभं करणारी मास्तरीण... पण आता तीच अंधारात अडकून बसली होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. "आत कोण आहे?"

"मी!"

"मी म्हणजे?"

"अहो, आधी बाहेर काढा, मग ओळख करून घ्या!"

वरचा आवाज हसला. "आवाज खणखणीत आहे, म्हणजे काळजी नाही. मी लिफ्टचा मेकॅनिक. आता मी बोलत राहणार आणि तुम्ही उत्तर देत राहायचं. काय करता तुम्ही?"

"इंग्रजीचं व्याकरण शिकवते."

"बाप रे! मग थोडा वेळ आतच बरं आहे तुम्हाला."

तिला हसू आलं. अंधारात, घामाघूम झालेली असताना! तो काही ना काही विचारत राहिला, वर कुठेतरी लोखंडाचा आवाज होत राहिला, आणि मग लिफ्ट हळूहळू, कुणीतरी हाताला धरून न्यावं तशी वर सरकली. दार उघडलं. समोर निळ्या शर्टातला, कपाळावर ग्रीसचा डाग असलेला तरुण उभा होता. त्याने हात शर्टाला पुसला, मग पुढे केला. तिने तो धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"झालं?" तिने विचारलं.

"अं... चालू आहे," तो म्हणाला.

"म्हणजे? मी तर बाहेर आलेय!"

"आमच्या धंद्यात लगेच 'झालं' म्हणत नाहीत, मॅडम. लिफ्टची वर-खाली एक फेरी होते, आपण स्वतः आत उभं राहतो, मग म्हणायचं. माझे उस्ताद सांगायचे, झालं म्हणालास की हात सैल पडतो. तुम्ही येता फेरीला?"

"मी? आता जन्मात नाही!" ती म्हणाली आणि तरातरा जिन्याकडे निघाली.

पुढच्याच आठवड्यात तो तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला. त्याच्या कंपनीत तपासनीसाची जागा निघाली होती. पगार चांगला, काम मानाचं, फक्त शहर दूरचं. त्यासाठी इंग्रजीत तोंडी परीक्षा, आणि त्यात स्वतः केलेल्या एका दुरुस्तीची हकिकत सांगायची. म्हणजे सगळा भूतकाळ.

आणि नेमकी तिथेच गाडी अडायची. त्याला क्रियापदांची रूपं तोंडपाठ होती, विचारलं की घडाघडा म्हणायचा. पण 'काल काय काम केलंत?' असं विचारलं की गडी वर्तमानात शिरलाच. मी दार उघडतो आहे, मी दोर तपासतो आहे. वर्ग हसायचा. 'झालं' म्हणायचं नाही, हा वर्षानुवर्षं जिभेला लावलेला लगाम एकदम सुटणार तरी कसा?

शेवटी तिने एक खूण काढली. तो वर्तमानात घुसला की ती अंगठा खांद्यावरून मागे दाखवायची. मागे... मागे जा. तो अंगठा पाहायचा, मान हलवायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा.

वर्ग सुटल्यावर ती जिन्याने उतरायची. तिच्याबरोबर तोही.

"लिफ्टवाल्याने जिना चढावा-उतरावा, शोभतं का?" ती विचारायची.

"चूक तुमची आहे. तुम्ही लिफ्टने गेलात तर एवढा वेळ बोलायला मिळेल का?"

"वर्गात तर तोंड उघडत नाही..."

"वर्गात भूतकाळ असतो. इथे तुम्ही असता."

ती पायऱ्यांकडे पाहत उतरायची. त्याच्याकडे पाहिलं तर पाय चुकेल अशी तिला खरीच भीती वाटायची. घरी ताईच्या नजरेतून हे सुटलं नाही. "हल्ली जिना चढून दमत नाहीस वाटतं!" ताई म्हणाली. मग पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "अगं, पण तो पास झाला तर जाणार ना?"

हाच तर काटा होता. पास झाला तर जाणार, नापास झाला तर इथेच राहणार. आणि त्याला पास करायचं काम तिचं.

परीक्षा संगणकाच्या पडद्यावरून होती. त्याच्या खोलीतून धड आवाज जायचा नाही, म्हणून त्याने तिचा वर्ग मागून घेतला. परीक्षक बाईंनी तिला कोपऱ्यात बसायची परवानगी दिली, पण एक शब्द बोलायचा नाही, असं बजावलं. ती भिंतीला टेकून बसली.

"एखाद्या सुटकेबद्दल सांगा," परीक्षक बाई इंग्रजीत म्हणाल्या.

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. "लिफ्ट अडकते आहे," त्याने इंग्रजीत सुरुवात केली. "आत एक बाई आहे. मी... मी ब्रेक सोडतो आहे..."

परीक्षक बाईंच्या कपाळाला आठी पडली. तो थांबला. पाणी प्यायला. पुन्हा वर्तमानच! त्याची नजर कोपऱ्याकडे वळली, खूण शोधत.

तिचा हात मांडीवर होता. उचलला नाही तर? कुणी तिला बोल लावणार नव्हतं. उद्याही तो जिन्याने तिच्याबरोबर उतरला असता, परवाही... तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण असा? पाय ओढून अडवलेला?

बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं. तिने अंगठा उचलला आणि खांद्यावरून मागे दाखवला. डोळे भरून आले होते, तरी हात खाली घेतला नाही.

त्याने श्वास घेतला. मग एकेक वाक्य नीट येऊ लागलं. लिफ्ट अडकली होती. आत अंधार होता. मी तिच्याशी बोलत राहिलो. ती घाबरली होती, पण हसली. मी ब्रेक सोडला, लिफ्ट मजल्याला लावली, दार उघडलं, तिचा हात धरला.

"छान. आणि काम पूर्ण झालं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

होय म्हण, ती मनात ओरडली. नुसतं होय म्हण!

"नाही," तो म्हणाला.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला.

"ती अजून जिन्याने जाते," तो सावकाश म्हणाला. "मी तिला बाहेर काढलं, पण तिची भीती आत राहिली. ती परत लिफ्टमध्ये येईपर्यंत माझं काम बाकी आहे."

परीक्षक बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "तुमच्यासारखा तपासनीस आम्हाला हवाच आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी रुजू व्हा. आणि येण्याआधी ते काम उरकून या."

पडदा काळा झाला. तो खुर्चीतच बसून राहिला. ती उठली, पदराने डोळे पुसले आणि सरळ बाहेर जाऊन लिफ्टचं बटण दाबलं. तो धावतच मागे आला.

"मॅडम, जबरदस्ती नाही हं..."

"मॅडम नको म्हणूस. आत ये. आणि बोलत राहा."

दार लागलं. तिने त्याची बाही घट्ट धरली. लिफ्ट खाली निघाली.

"काय बोलू?" त्याने विचारलं.

"मग मीच बोलते. मला तू आवडतोस. त्या अंधारात जेवढी घाबरले नव्हते ना, तेवढी या सोमवारला घाबरलेय."

"मी तर त्या दिवशी तुझा आवाज ऐकला तेव्हाच..." तो अडखळला. "दर रविवारी येईन. जिना चढून येईन."

"लिफ्टने ये. लवकर पोचशील."

तळमजला आला, दार उघडलं, कुणीच उतरलं नाही. लिफ्ट पुन्हा वर गेली आणि चौथ्या मजल्यावर अलगद थांबली. त्याने छतापासून जमिनीपर्यंत एकदा नजर फिरवली, भिंतीवर तळहात टेकवला.

"झालं," तो म्हणाला.

एवढ्या दिवसांत तिने तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "आणि माझं काय?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या बाबतीत हा शब्द मी कधीच म्हणायचा नाही."

ती हसली, आणि तिने तळमजल्याचं बटण पुन्हा दाबलं.