बंदचं बटण

थोरली ऑफिसातून परस्पर आईकडे आली, ती नवा रिमोट घेऊनच. बाबांना शेवटचा निरोप देताना आईने त्यांचा जुना रिमोट त्यांच्या कोटाच्या खिशात घातला होता. "जन्मभर हातातून सोडला नाही, आता कशाला काढून घ्यायचा?" तेव्हा रडता रडता सगळे हसले होते. पण सेटटॉप बॉक्स तेव्हापासून एका भांडखोर चॅनलवर अडकला, आणि आईची झोप उडाली ती उडालीच. बाबा होते तेव्हा ती जुनी गाणी ऐकत सोफ्यावरच पेंगायची. तिचा डोळा लागला की ते हळूच बॉक्स बंद करायचे. आता ती टक्क जागी राहायची, आणि पार खंगून गेली होती.

नव्या रिमोटचं टीव्हीने लगेच ऐकलं. बॉक्स मात्र भलत्याच कंपनीचा, ढिम्म हलेना. कोड घालून घालून थोरलीची बोटं दुखली. राहता राहिला एकच उपाय. जुना रिमोट नव्यासमोर धरायचा आणि त्याला एकेक बटण शिकवायचं.

"आता जुना कुठून आणू? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतलाय!"

तिने चॅनल बदलायचं बटण दाबलं होतं. शिकायला तयार असल्याचा लाल दिवाही लागला होता. वैतागून तिने रिमोट तसाच टीपॉयवर टाकला. त्याचं तोंड बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे होतं. बाहेर अंधारून आलं होतं, म्हणून ती खिडकी लावायला वळली.

टक्.

बाबा बटण नखाने दाबायचे, अगदी तसा आवाज. खोकल्याच्या गोळीचा ओळखीचा वास आला. लाल दिवा दोनदा लुकलुकला. बटण शिकून झालं होतं.

"आई... तू काही केलंस?"

"मी कुठे काय... इथेच तर बसलेय."

थोरलीने बटण दाबून पाहिलं. चॅनल बदललं. तिला पळत सुटावंसं वाटलं. पण आईचे खोल गेलेले डोळे दिसले आणि तिचा पाय निघेना. तिने पुढचं बटण निवडून रिमोट पुन्हा खुर्चीसमोर ठेवला.

टक्. मग पुढचं. टक्. मधेच एकाला फार वेळ लागला, चष्मा शोधत असल्यासारखा.

"सावकाश, बाबा..." ती पुटपुटली, आणि आपली भीती कधी ओसरली ते तिचं तिलाच कळलं नाही.

सगळ्यात शेवटी राहिलं बंदचं बटण. लाल दिवा जळत राहिला आणि विझला. तिने पुन्हा लावला. खुर्चीकडून काहीच आलं नाही.

कित्येक दिवसांनी आई हसली. "ते नाही द्यायचे गं. मुलखाचे हट्टी! तू गाणी लाव."

गाणी लागली. दुसरं गाणं संपायच्या आत आई चक्क घोरायला लागली. तिने आईच्या अंगावर शाल घातली आणि नवा रिमोट लांब कपाटावर ठेवून दिला.

खुर्चीकडून अगदी हलक्या हाताने टक् झालं, आणि बॉक्स बंद झाला.