हरवण्याआधीच घरी आलेलं पिल्लू

पुस्तक टेबलावर धाडकन आपटलं आणि ताईच्या हातातला चहा बशीत सांडला.

"बघ, काय करून ठेवलंस ते!" धाकट्याचा आवाज थरथरत होता. "बत्तिसाव्या पानानंतर एकदम एकोणपन्नास! दोनशेच्या दोनशे प्रती, ताई... परवा शाळा उघडतेय, मुलांच्या हातात काय देऊ मी?"

धाकटा शाळेत मास्तर होता. मुलांसाठी त्याने लिहिलेलं हे पहिलंच पुस्तक, आणि ते शिवलं होतं बाइंडिंगच्या कारखान्यात तीस वर्षं घालवलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने. केवढ्या हौसेने!

त्याची सहा वर्षांची लेक पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. "आत्या, बदकाचं पिल्लू घरी येऊन झोपलं, आणि मग जंगलात हरवलं. झोपेत चालतं का गं ते?"

एरवी ताई पोट धरून हसली असती. आज तिने मान खाली घातली.

आई गेली तेव्हा ती सातवीत होती, वर्गात पहिली! आपल्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवून तिने ते धाकट्याच्या खांद्यावर अडकवलं आणि स्वतः कारखान्याची वाट धरली. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्यातूनच एक काळी खूण येते, आधीच्यापेक्षा थोडी खाली, आणि फर्मे ओळीने रचले की त्या खुणांचा उतरता जिना दिसतो. जिना बरोबर तर पुस्तक बरोबर... हीच तिची श्रद्धा होती.

"जिना बरोबर होता रे," ती हळूच म्हणाली. "छापखान्याने दोन फर्म्यांच्या खुणा उलटसुलट छापल्या."

"पण पानांवर आकडे आहेत ना? ते दिसले नाहीत तुला?"

"दिसले होते."

"दिसले होते? मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, एवढा शिकलेला माझा भाऊ, एवढा मोठा छापखाना... माझंच काहीतरी चुकत असेल."

"असं कसं वाटलं तुला?"

वीस वर्षं गिळलेलं दुःख आज ओठांवर आलंच. "तू कॉलेजात होतास. घरी मित्र आले होते. मी तुझं पुस्तक उघडून एक शंका विचारली... तू म्हणालास, 'ताई, यातलं तुला काय कळतंय? तू आपली टाके घाल!' सगळे हसले. मीही हसले रे... आणि टाके घालत राहिले."

त्याला काहीच आठवत नव्हतं, आणि तेच त्याच्या जिव्हारी लागलं. तो तिच्या पायाशी बसला. "वर्गात रोज सांगतो, शंका विचारणाऱ्याला हसू नका... आणि माझ्याच घरात... ताई, मला क्षमा कर गं!"

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पण त्याच्या केसांतून हात फिरवताना तिच्या मनात काहीतरी लख्ख उजळलं. ते वाक्य धाकट्याने एकदाच उच्चारलं होतं. त्यानंतर ते रोज तिची तीच स्वतःला ऐकवत आली होती! साऱ्या जगावर विश्वास ठेवला... एकट्या स्वतःला वगळून!

तिने डोळे पुसले. "ऊठ. सगळ्या प्रती इथे आण. दोरे कापू, त्या दोन फर्म्यांची अदलाबदल करू आणि पुन्हा शिवू."

"दोन दिवसांत? होईल?"

"होईल. हे मला कळतं!"

दोन दिवस घरभर कागद आणि खळीचा वास होता. मास्तरांनी सुई तीनदा बोटात खुपसून घेतली. "अहो मास्तर, दोरा ओढा, मुलाचा कान नव्हे!" ताई म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी दोघं भावंडं खळखळून हसली. लेक प्रत्येक प्रत उघडून निकाल देत होती, "आधी हरवलं, मग घरी आलं. पास!"

सोमवारी दोनशे मुलांच्या हातात दोनशे पुस्तकं पडली.

ताईने त्या आठवड्यात चष्मा करून घेतला. आता ती शिवायला घेण्याआधी प्रत्येक पुस्तक वाचू लागली. अडलं की धाकट्याला विचारू लागली, आणि तो वही बाजूला ठेवून सांगू लागला.

वर्षाने त्याचं दुसरं पुस्तक आलं. छापखान्याचे मॅनेजर स्वतः फर्मे घेऊन आले. "या वेळी खुणा आम्ही दोनदा तपासल्यात, ताई. बिनधास्त शिवा."

ताईने चष्मा लावला. सावकाश, एकेक ओळ... मग एका पानावर बोट ठेवलं. "हे चित्र इथलं नाही, पुढच्या गोष्टीतलं आहे."

मॅनेजरांनी हसून धाकट्याकडे पाहिलं. "चूक आहे असं म्हणतंय कोण, मास्तर?"

धाकट्याने फक्त ताईकडे पाहिलं.

ताईचं पानावरचं बोट हललं नाही.

"मी म्हणते," ती म्हणाली.