ढग सारणारा हात

श्रीधररावांनी त्या पत्राला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर एका पितळी कासवाखाली पडून होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात सगळी नोकरी झालेले श्रीधरराव येता-जाता कासव उचलत, पत्र वाचत आणि कासव पुन्हा ठेवून देत.

“अज्जा, त्या कासवाला स्वल्प विश्रांती द्या,” वसुमती म्हणाली.

वसुमती त्यांची नात, तेरा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ प्रणीत फरशीवर पालथा पडून आंबा चोखत होता. १९९६ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती आणि बंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या घरात पंख्याखालची जागा सोडायला कोणी तयार नव्हतं.

“काय लिहिलंय त्यात एवढं?” प्रणीतनं विचारलं.

“त्यांना मंडळाचा हॉल हवाय. रोज संध्याकाळी, कायमचा. आणि उन्हाळी शिबिरातली सगळी लहान मुलं त्यांच्या हाताखाली द्यायची. मी मंडळाचा चिटणीस, म्हणून माझी लेखी संमती मागितलीय.”

“त्यांना म्हणजे सान-तोषला?”

“ग्रँडमास्टर म्हण,” वसुमती तोंड वाकडं करत म्हणाली. “नाहीतर तो डोळे मिटून तुला ती ‘ची’ नावाची शक्ती फेकून मारेल.”

ग्रँडमास्टर सान-तोषचं खरं नाव संतोषकुमार. राहणार आनेकल. काळा चकचकीत झगा, कपाळाला लाल पट्टी, आणि पाठीवर एक सोनेरी ड्रॅगन, जो बराचसा पालीसारखा दिसे. चीनमधल्या एका डोंगरावर बारा वर्षं राहून आपण एका तपस्व्याकडून कुंग-फू शिकलो, असं तो सांगे. तपस्व्याचं नाव सांगायला मनाई होती. डोंगराचंही. चीनचं नाव सांगायला मनाई नव्हती, एवढी तरी त्या तपस्व्याची कृपा.

मोठ्या माणसांना शंका कशी आली नाही, असं कोणी विचारेल. पण समोरच्यानं झगा घातला असेल, तर मोठी माणसं शंका घेत नाहीत. मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव विम्याच्या कचेरीत अधिकारी होते. तिथे ते प्रत्येक कागद उजेडासमोर धरून बघत. ग्रँडमास्टर दिसला की मात्र कमरेत वाकून नमस्कार करत.

“मग नाही म्हणून लिहून टाका,” वसुमती म्हणाली.

“कशाच्या जोरावर लिहू?” अज्जा पुटपुटले. “मी वाचलंय की चिनी नमस्कारात उजव्या हाताची मूठ असते आणि तिच्यावर डावा तळवा. हे मास्टर उलटं करतात. तसं म्हणे तिकडे मयताच्या वेळी करतात. पण पुस्तकातलं चित्रच उलटं छापलं असेल तर? आणि हणमंतराव म्हणतात, पुस्तकं वाचून कोणाला कुंग-फू कळतं का?”

पुस्तकांवर अज्जांचा पूर्ण विश्वास होता. ती वाचणाऱ्या स्वतःवर मात्र अजिबात नव्हता.

“उजव्याच गुडघ्याला,” प्रणीत अचानक उठून बसत म्हणाला.

“काय उजव्याच गुडघ्याला?”

“पट्टी. काल हॉलच्या खिडकीतून बघत होतो. मोठ्या मुलांपैकी ज्याला बघावं त्याच्या गुडघ्याला पट्टी. सगळ्यांच्या उजव्याच. अक्का, पडून लागलं असतं तर कोणाला डावीकडे नसतं का लागलं?”

वसुमतीनं चपला घातल्या.

मंडळाच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. येत्या रविवारी मोठं प्रात्यक्षिक होतं. सगळ्यांत पुढे हयवदन उभा होता. हणमंतरावांचा मुलगा, वसुमतीच्या शेजारचाच, नववीतून दहावीत गेलेला. प्रात्यक्षिकात तोच पहिला होता. त्याच्या गुडघ्याची पट्टी सगळ्यांत जाड होती.

“ढग सारणारा हात,” ग्रँडमास्टर ओरडला.

सगळ्या मुलांनी उलट्या पंजानं चेहऱ्यासमोरची हवा हळूच बाजूला केली.

“या हातानं दहा फुटांवरच्या शत्रूची शक्ती वळते,” ग्रँडमास्टरनं समजावलं. “आता गुप्त पाऊल.”

मुलांनी डावा पाय पुढे टाकून सगळा भार त्याच्यावर घेतला. आणि मग त्याच डाव्या पायानं लाथ मारायची होती. उभं राहिलेल्या पायानं लाथ कशी मारणार? म्हणून सगळे मध्येच हवेत एक विचित्र उडी मारत, पाय बदलत आणि वळलेल्या उजव्या गुडघ्यावर धप्पकन येत. हयवदन उतरला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“वेदना म्हणजे आतला कचरा बाहेर पडतोय,” ग्रँडमास्टर म्हणाला. त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टी नव्हती. गुप्त पाऊल तो वर्गात करून दाखवतच नसे.

तालीम संपल्यावर वसुमतीनं हयवदनला पायरीवर गाठलं.

“दाखव गुडघा.”

“काही नाही झालंय.”

प्रणीतनं पट्टीची कड वर केली. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

“डॉक्टरांकडे गेलास?”

“मास्टर म्हणतात, डॉक्टरला दाखवलं की शक्ती जाते. अप्पा म्हणतात, मास्टर सांगतील ते कर.” हयवदन जमिनीकडे बघत होता. “बाकीच्यांना जमतं गं. माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

“बाकीच्यांना जमतं? सगळे लंगडताहेत, हय्या. बसस्टॉपपर्यंतची त्यांची मिरवणूक बघितलीस का कधी?”

“रविवारी मला ते पाऊल तीनदा करायचंय. नाही केलं तर अप्पा चारचौघांत मान खाली घालतील.”

त्या गुडघ्यावर आणखी तीन उड्या! वसुमती पायरीवरून उतरली. ती प्रणीतला ओढत गांधी बाजाराकडे निघाली.

तिथे बिंदुमाधवचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. खरं कुंग-फू कसं असतं ते निदान सिनेमात तरी बघावं, एवढाच तिचा विचार होता.

“कुंग-फू?” बिंदुमाधव म्हणाला. “चांगली कॅसेट एकच आहे, आणि ती कधी दुकानात नसते. तुमचा तो ड्रॅगनवाला घेऊन जातो. परत आणतो, पुन्हा नेतो. फीत झिजवली त्यानं.”

“बारा वर्षं चीनमध्ये राहून आलाय ना तो?” प्रणीतनं विचारलं.

“असेल. मला काय, गिऱ्हाईक आहे. आज मात्र आहे ती इथे. त्याचा व्हीसीआर बिघडलाय म्हणे.”

बहीणभावानं एकमेकांकडे बघितलं.

तासाभरात श्रीधररावांच्या घरात पडदे ओढून चौघं टीव्हीसमोर बसली. हयवदनचा पाय उशीवर होता. सिनेमा जुना होता, चिनी भाषेतला. मध्यावर नायक एका अंगणात एकटाच सराव करू लागला आणि हयवदन ताठ झाला.

“हा आपल्याच हालचालींचा संच आहे. पहिल्यापासून. तोच आहे.”

नायकानं नमस्कार केला. मूठ उजव्या हाताची, वर डावा तळवा.

“पुस्तकातलं चित्र बरोबर होतं तर,” अज्जा हळूच म्हणाले.

“अज्जा, गप्प बसा, बघू द्या,” प्रणीत म्हणाला.

नायक पुढे सरकला. अंगणात दोरीवर धुणं वाळत होतं. वाऱ्यानं एक ओली चादर उडून त्याच्या तोंडावर आली. त्यानं उलट्या पंजानं ती बाजूला केली आणि सराव पुढे चालू ठेवला.



“ढग सारणारा हात,” वसुमती म्हणाली.

प्रणीत पोट धरून गडाबडा लोळायला लागला. “चादर आहे ती! दहा फुटांवरच्या शत्रूची नाही, धोब्याची शक्ती वळवतोय तो.”

हयवदन हसला नाही. “पुढे बघा,” तो म्हणाला. “आता गुप्त पाऊल येईल.”

नायकानं एका पायावर भार घेतला. पडदा लुकलुकला. आता नायक पाठमोरा दिसत होता आणि लाथ मारत होता. उडी नव्हती, पाय बदलणं नव्हतं, काही नव्हतं. प्रणीतनं फीत मागे नेली. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेली.

“कॅमेरा बदललाय,” वसुमती सावकाश म्हणाली. ती उठून टीव्हीजवळ गेली. “आधी तो आपल्याकडे तोंड करून आहे. त्याचा उजवा पाय आपल्याला डावीकडे दिसतो. मग एकदम पाठीमागून दाखवलाय. आता डावीकडे दिसतो तो त्याचा खरोखरचा डावा पाय. त्यानं भार घेतला उजव्यावर आणि लाथ मारली डाव्यानं. साधी गोष्ट.”

“आणि आमच्या माणसानं आरशात बघितल्यासारखं उतरवून घेतलं,” अज्जा म्हणाले. ते नकळत खुर्चीच्या कडेला आले होते. “पडद्यावर डावीकडे दिसलं ते डावं. म्हणून नमस्कारही उलटा झाला. चिनी लोक भरलेला पाय आणि रिकामा पाय म्हणतात. ज्याच्यावर भार तो भरलेला. भरलेला पाय उचलता येत नाही, आधी तो रिकामा करावा लागतो. जे खरं असतं ते हळू करून दाखवता येतं, असं मी वाचलंय. म्हणजे… वाचलंच आहे फक्त.”

“म्हणजे माझ्यात खोट नाही?” हयवदननं विचारलं.

“नाही रे बाळा. खोट सिनेमाच्या कात्रीत आहे.”

हयवदननं उशी उचलून दूर फेकली. इतके दिवस तो स्वतःवर चिडत होता. आता चिडायला दुसरं कोणी मिळालं होतं.

“अप्पांना सांगून उपयोग नाही,” तो म्हणाला. “ते मास्टरना विचारतील आणि मास्टर त्यांना गुंडाळतील. सगळ्यांसमोर दिसलं पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी वसुमती हणमंतरावांकडे गेली. चेहरा अगदी गरीब गाईचा.

“काका, रविवारी सुरुवातीला एक व्हिडिओ दाखवू का? मास्टरांची विद्या मुळात कुठून आली, त्याचा. हॉलमध्ये वर्ल्ड कपसाठी घेतलेला टीव्ही आहेच, व्हीसीआर आमचा आणते.”

“चीनचा व्हिडिओ?” हणमंतराव खूश झाले. “व्वा. पण सुरुवातीला नको, शेवटी दाखवू. मी स्वतः जाहीर करतो. मास्टरना मात्र आधी सांगू नका, त्यांना आनंदाचा धक्का बसू दे.”

“सरी काका,” वसुमतीनं होकार दिला. धक्का बसेल याबद्दल तिला खात्री होती.

रविवारी हॉल भरला. हार आले, समया आल्या, हणमंतरावांचं भाषण आलं आणि ते काही केल्या जाईना. ग्रँडमास्टर व्यासपीठावर डोळे मिटून बसला होता. आयाबाया त्याच्याकडे देवळात बघावं तशा बघत होत्या.

मग हयवदन पुढे आला. नमस्कार, मुठी, वळणं. ढग सारणारा हात झाला, टाळ्या पडल्या. त्यानं डावा पाय पुढे टाकला, भार घेतला आणि तो तसाच उभा राहिला.

“थांबलास का?” हणमंतराव पुढच्या रांगेतून दटावून म्हणाले.

“अप्पा, पुढचं मला कळत नाही. मास्टरनी एकदा करून दाखवावं. हळू.”

ग्रँडमास्टरनं डोळे उघडले. “गुप्त पाऊल हळू केलं की शक्ती उलटते.”

लोकांनी माना डोलावल्या. हो, उलटत असेल. शक्तीचं काय सांगावं.

“बस खाली, हयवदन,” हणमंतराव म्हणाले. “नाहीतर कर मुकाट्यानं.”

हयवदननं पट्टीवर हात ठेवला. वसुमतीला वाटलं, आता तो उडी मारणार. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक खुर्ची करकरली. श्रीधरराव उभे राहिले होते. सभेत ते कधी बोलले नव्हते. मंडळाचा अहवालसुद्धा दुसऱ्याला वाचायला देत.

“हळू करून दाखवा,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेलाच नाही. त्यांनी घसा साफ केला. “त्या मुलानं योग्य विचारलंय. तुम्ही शिकवता ते तुम्ही करून दाखवा. आम्ही सगळे बघतोय.”

आता मात्र सगळे बघतच होते. ग्रँडमास्टर उठला. झगा सावरला. डावा पाय पुढे टाकून भार घेतला, आणि तोच पाय उचलायला गेला. पाय हलला नाही. त्यानं जोर लावला. सोनेरी ड्रॅगनसकट तो बाजूला कलला आणि समयांच्या मधोमध बसकण मारून बसला.

“व्यासपीठ उताराचं आहे,” तो म्हणाला.

“प्रणीत, तो चीनचा व्हिडिओ लाव रे,” हणमंतराव घाईघाईनं म्हणाले. वेळ सावरावी म्हणून ते बोलले होते. “लोकहो, आता मास्टरांची विद्या जिथून आली, ते आपण बघूया.”

पडद्यावर अंगण आलं. ओळखीचा नमस्कार, ओळखीच्या मुठी. मग चादर उडाली. नायकानं ती बाजूला केली. हॉलमध्ये कुठेतरी एक बाई फिस्सकन हसली, आणि मग हसू रांगेरांगेतून पसरत गेलं. वसुमतीनं टीव्हीजवळ उभं राहून पुढचं पाऊल दोनदा दाखवलं, कॅमेरा कुठे बदलतो ते बोट ठेवून सांगितलं. पट्टी बांधलेली मुलं उठून उभी राहिली. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

“तुमच्या गुरूंचं नाव काय?” कोणीतरी मागून विचारलं.

“व्हीसीआर,” दुसऱ्यानं उत्तर दिलं.

ग्रँडमास्टर मागच्या दारानं गेला. जाताना त्यानं कसलीच उडी वगैरे मारली नाही, साधा चालत गेला, आणि बऱ्यापैकी वेगानं.

हणमंतराव मुलासमोर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी स्वतः पट्टी सोडली.

“दुखतं का रे फार?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते पहिल्यांदाच विचारत होते.

“दुखतं, अप्पा,” हयवदन म्हणाला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

हाडांच्या डॉक्टरांनी महिनाभर सक्तीची विश्रांती सांगितली. गुडघा आणखी एकदा वळला असता तर ऑपरेशनच करावं लागलं असतं, असं ते हणमंतरावांकडे बघून दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा हणमंतरावांनी मान खाली घातली.

संध्याकाळी ते श्रीधररावांकडे आले. “या पोरांना जे दिसलं ते आम्हाला दिसलं नाही,” ते म्हणाले. “वसुमती, प्रणीत, शाबास. आणि राव, तुम्ही उभे राहिला नसतात तर मी माझ्या हातानं पोराचा पाय मोडला असता.”

“मला आधीच शंका होती,” श्रीधरराव म्हणाले. “पण मला काय कळतं त्यातलं, असं वाटत राहिलं.”

“कळतं,” प्रणीत म्हणाला. “आता लिहा.”

त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर ‘कदाचित’ आलं, तो वसुमतीनं फाडला. दुसऱ्यावर ‘माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे’ आलं, तोही फाडला. तिसऱ्या कागदावर एवढंच होतं: ‘हॉल मिळणार नाही. मुलंही मिळणार नाहीत.’ खाली सही.

चौघंही टपालपेटीपर्यंत चालत गेली. हणमंतराव म्हणाले, “द्या, मी टाकतो.”

“नको,” श्रीधरराव म्हणाले. “मीच टाकतो.”

आणि त्यांनी टाकलं.