अकरा एप्रिलचं पान

खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझी लव्हिनियामावशी खोटं बोलणारी बाई नव्हती. आयुष्यात एकदाच बोलली, आणि त्याचीच ही हकीकत.

नोव्हेंबर १८७४. नॉरिचमधलं आमच्या आजोबांचं घर. रात्रबित्र काही नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते.

बाहेर धुकं इतकं, की फाटकही दिसत नव्हतं.

आजोबा म्हणजे डॉक्टर थॅकरा, शेवाळांचे मोठे जाणकार. त्यांची पत्रं मावशी लिहायची, ते फक्त सही करायचे. शाई ओली असतानाच पत्र नकलेच्या वहीतल्या दमट, झिरझिरीत कागदाखाली ठेवायचं आणि लोखंडी प्रेसचा दांडा फिरवायचा. मूळ पत्र टपालात जायचं, ठसा वहीत राहायचा. कोणी काय आधी शोधलं यावरून वाद झाला, की वही हीच साक्ष.

एप्रिलमध्ये लँकेशायरच्या सायलस ऑर्मरॉड नावाच्या विणकराचं पत्र आलं होतं. सोबत एक शेवाळ. "डॉक्टरसाहेब, हे नवं असेल तर माझ्या नावाने लंडनच्या वनस्पतिशास्त्र मंडळापुढे ठेवा. उत्तराची वाट पाहतो."

आजोबांनी उत्तर दिलंच नाही. जूनमध्ये शेवाळ मंडळापुढे ठेवलं. स्वतःच्या नावाने.

ऑगस्टमध्ये विणकर वारला. त्याच्या बायकोने मंडळाकडे तक्रार केली.

आजोबांनी ठोकून दिलं, "हे शेवाळ मला आधीच सापडलंय, असं मी त्याला अकरा एप्रिललाच कळवलं होतं." मावशीला त्यांनी विणकराच्या पत्रावर 'उत्तर दिले, ११ एप्रिल' असा शेराही मारायला लावला. तेच तिचं एकमेव खोटं.

आता मंडळाचे चिटणीस पेलोसाहेब चार वाजता वही बघायला येणार होते.

"विनी, दहा आणि बारा तारखेच्या मधे एक कोरं पान आहे ना?"

"आहे, पपा. माझ्याकडून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली होती."

"फाड ते. ओल लागून गेलं म्हणून सांगू."

"पानांवर आकडे छापलेत, पपा."

"म्हणूनच तर! मधला आकडा नाही, म्हणजे तिथे पत्र होतं. डोकं चालव जरा."

"आणि विणकराची बायको?"

"तिला शेवाळातलं काय कळतंय? माझं चाळीस वर्षांचं नाव जाईल, विनी! जा."

मावशी अभ्यासिकेत गेली. तिला स्वतःची लाज वाटत होती.

दाराशीच तिला आवाज आला...

कर्रर्र.

प्रेसचा दांडा फिरल्याचा.

खोलीत कोणी नव्हतं. दांडा मात्र अजून हलत होता...

तिने प्रेसमधून वही बाहेर काढली. पान दोनशे बारा.

ते कोरं नव्हतं.

"सायलस ऑर्मरॉड यांस. शेवाळ नवं आहे. ते तुमचं आहे. मी ते याआधी कधीही पाहिलेलं नव्हतं."

खाली आजोबांची सही. अक्षर मावशीचं स्वतःचं.

शाई ओली होती.

तिने पान टरकन फाडलं. खाली दोनशे तेरा. त्यावर बारा एप्रिलचं पत्र हवं होतं...

तिथेही तेच. "ते तुमचं आहे."

तेही फाडलं. दोनशे चौदा. पुन्हा तेच.

दारावर थाप पडली.

"या, पेलोसाहेब! धुक्यात घर सापडलं ना?"

"सापडलं. शेवाळं तुमच्याच गावात का वाढतात तेही कळलं, डॉक्टर."

आणखी किती फाडणार? तिने वही तशीच नेऊन पेलोसाहेबांच्या हातात दिली.

त्यांनी ती उघडली. एकही पान फाटलेलं नव्हतं. दोनशे बारा जागेवर, पुढची पत्रंही जशीच्या तशी. मावशीच्या मुठीत मात्र ओला, कोरा कागद होता...

पेलोसाहेबांनी चष्मा पुसून ते पान दोनदा वाचलं.

"उत्तर दिलं होतंत खरं, डॉक्टर. पण तुम्ही सांगितलंत ते हे नव्हे."

आठवडाभरात आजोबांनी मंडळ सोडलं. नंतर मरेपर्यंत ते मावशीला एकच विचारत राहिले, "तूच लिहिलंस ना?"

"नाही, पपा."

खोटं बोलली तेव्हा तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. या 'नाही'वर तिच्या बापानेही ठेवला नाही.

पुढे विणकराच्या बायकोचं पत्र आलं. "डॉक्टरांचं उत्तर आज दाराखालून आत आलं. पोस्टमन म्हणतो, मी टाकलं नाही. शिक्का अकरा एप्रिलचा आहे, पण शाई माझ्या बोटांना लागली. माझा नवरा सगळा एप्रिल पोस्टमनची वाट बघत दारात उभा राहायचा. तेव्हा आलं असतं तर बरं झालं असतं."

वही आता माझ्याकडे आहे. दोनशे बारावं पान अजून वाळलेलं नाही.

मी आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर देतो.