मास्क एकच होता

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

पडद्याच्या फटीतून ऊन आत येत होतं, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते, शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला होता... तेव्हा घडलेली.

ज्याच्या बाबतीत घडली तो माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. अण्णाला खोटं बोलता येत नाही, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. लहानपणी पत्ते खेळताना त्याचा चेहरा बघूनच आम्ही त्याच्या हातातली पानं ओळखायचो.

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मला ठेवावा लागलाय.

अण्णा बेकरीत भट्टीवर असतो. कायमची रात्रपाळी. गाव झोपलं की याचं पीठ मळायला सुरुवात, आणि लोक उठेपर्यंत पावाचे ट्रे बाहेर. वहिनी दिवसभर औषधांच्या दुकानात. नवराबायकोची गाठ पडायची ती दारातच, एकाचा पाय आत तर दुसऱ्याचा बाहेर. "आम्ही शेजारी आहोत, येताजाता भेटतो," असं अण्णा गमतीनं सांगायचा.

त्यांची मुलगी ठमी. पाच वर्षांची. दुपारी शाळेतून आली की बापाच्या कुशीत शिरून झोपायची.

ठमीच्या आधी त्यांना एक मुलगा होता. थोरला.

थोरला झोपेत घोरायचा. सहा वर्षांचा एवढासा जीव, पण आवाज एखाद्या पोट सुटलेल्या म्हाताऱ्याचा. अण्णा त्याला इंजिन म्हणायचा. घोरणं मध्येच थांबायचं. सगळं शांत. मग आवंढा गिळल्यासारखा आवाज यायचा आणि शेवटी नाकातून एक बारीक शिट्टी.

"मिळाला सिग्नल!" अण्णा म्हणायचा.

आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा पोट धरून हसलेय.

एका पहाटे सिग्नल मिळाला नाही.

थोरला झोपेतच गेला. का गेला, ते कुणालाच सांगता आलं नाही.

ते कळलं ठमीच्या वेळी. तिची बोटं आकड्यासारखी वळलेली राहायला लागली. हाक मारली तर लवकर ऐकू येईना. आणि मग... ती घोरायला लागली. वहिनीनं पोरीला उचललं आणि तडक मोठं हॉस्पिटल गाठलं. तपासण्यांमागून तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"हा आजार फार थोड्या मुलांमध्ये सापडतो. जन्मापासून असतो, आईबापांच्या रक्तातून येतो. शरीरात जे मोडायला हवं ते मोडत नाही, साचत जातं. जीभ जाड होते, घसा आतून अरुंद होतो. झोपेत अंग सैल पडलं की श्वासाची वाटच बंद होते."

"मग?" वहिनीनं विचारलं.

"मग शरीर तिला जरासं जागं करतं. ती श्वास ओढते. पुन्हा झोपते. पुन्हा तेच."

"आणि एखाद्या वेळी जागं नाही केलं तर?"

डॉक्टरीणबाईंनी समोरचा कागद पुढे ओढला. त्या म्हणाल्या, "एक मशीन असतं. झोपताना तोंडावर मास्क लावायचा, मशीन हवा ढकलतं, वाट उघडी राहते. यायला थोडे दिवस लागतील. तोवर तिला कुशीवर झोपवा. श्वास थांबला की हलवून जागं करा."

अण्णा खाली मान घालून बसला होता. "आमच्या थोरल्याला असं मशीन मिळालं असतं तर..."

"आता तो विचार करू नका," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून पहारा सुरू झाला. रात्री वहिनी, दुपारी अण्णा. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, डोळ्यांत खडे टोचत असायचे. पण ठमीच्या पाठीवर हात ठेवून तो टक्क जागा बसायचा.

अशाच एका दुपारी ठमीचं घोरणं थांबलं.

अण्णानं तिला हलवायला हात पुढे केला...

आणि श्वास ऐकू आला.

ठमीचा नव्हता. तिची छाती हलतच नव्हती.

आवाज भिंतीकडच्या बाजूनं येत होता. पलंगाच्या ज्या बाजूला कुणीच झोपत नव्हतं, तिकडून.

घोरणं... मग काहीच नाही... मग आवंढा...

आणि बारीक शिट्टी.

अण्णानं ठमीला गदागदा हलवलं. तिनं मोठा श्वास घेतला. त्याच क्षणी भिंतीकडचा आवाज बंद झाला.

झोप नाही म्हणून भास होतात, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ठमीचा श्वास चालू असेपर्यंत काही नाही. तो थांबला की पलीकडून सुरू. जणू दोघं भावंडं पाळी लावून श्वास घेत होती.

त्यानं वहिनीला सांगितलं. ती कामावर निघाली होती, एक चप्पल पायात, एक हातात.

"तुम्ही जरा झोप पुरी करा," ती म्हणाली. दार उघडलं. मग तशीच थांबली. वळली नाही. "त्याला... त्रास होत होता का हो?"

अण्णाला खोटं बोलता येत नाही.

"हो," तो म्हणाला. "तसाच. अजून तसाच."

वहिनी दुसरी चप्पल न घालताच खाली बसली.

खरी भीती पुढे आहे. कारण अण्णाला भीती वाटायची बंद झाली. आपल्याच लेकराला कोण घाबरतं? तो वाट बघायला लागला. ठमीचं घोरणं अडखळलं की त्याचे कान भिंतीकडे लागायचे. हात तिच्या खांद्यावर असायचा, पण हलवायचा नाही. अजून थोडं... एकदा शिट्टी होऊ दे, मग उठवतो...

एका दुपारी आवाज फार जवळून आला. इतका जवळून, की गालाला ऊब लागली. अण्णानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा ठमीचे ओठ निळे पडले होते.

त्यानं तिला उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, हाका मारल्या. किती वेळ गेला त्यालाच ठाऊक नाही. ती खोकली, रडली, बापाच्या गळ्यात पडली. तिला शांत करून तो न्हाणीघरात गेला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला.

दोन दिवसांनी मशीन आलं.

हॉस्पिटलच्या माणसानं मास्क बसवून दाखवला, डोक्यामागची क्लिप कशी लावायची ते शिकवलं. त्या दुपारी ठमी घोरली नाही. थांबली नाही. श्वास आत, श्वास बाहेर. भिंतीकडेही शांत. अण्णाला हायसं वाटलं. तरी कान भिंतीकडेच लागलेले होते. कितीतरी दिवसांनी तो गाढ झोपला.

जाग आली ती मशीनच्या आवाजानं. आवाज जरा वेगळा येत होता.

ठमीच्या तोंडावर मास्क नव्हता.

क्लिप तिच्या वळलेल्या बोटांना उघडायचीच नाही. जागेपणी कितीदा प्रयत्न करून बघितला होता तिनं. मग मास्क गेला कुठे?

अण्णानं भिंतीकडे बघितलं.

मास्क तिकडच्या उशीवर होता. पडलेला नव्हता. उशीपासून जरासा वर, अधांतरी... तोंडावर लावल्यासारखा. पट्टे मागे ताणलेले. उशीला मधोमध खोलगट दाब पडलेला.

मास्कच्या आत वाफ धरत होती... विरत होती... पुन्हा धरत होती.

आणि श्वास ऐकू येत होता. घोरणं नाही, आवंढा नाही. संथ, मोकळा. तरी बापाला ओळखू आला. आयुष्यात पहिल्यांदा थोरला नीट झोपला होता.

इकडे ठमीची छाती थांबलेली.

मास्क एकच होता.

"दे रे राजा," अण्णा म्हणाला.

त्यानं मास्क धरून ओढला. तो सुटेना. झोपेतलं मूल हातातलं खेळणं घट्ट धरतं, तसा.

"तिला लागतो रे... ती आहे अजून... दे ना बाळा..."

पकड सैल झाली. अण्णानं मास्क ठमीला लावला. तिची छाती वर आली.

त्याच्या मागे घोरणं सुरू झालं. मग थांबलं. मग आवंढा.

अण्णा शिट्टीची वाट बघत राहिला.

शिट्टी आली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्क पुन्हा तिकडे गेला. तिसऱ्या दिवशीही. खोली बदलून झाली, क्लिपवर चिकटपट्टी लावून झाली. वहिनीनं रजा काढली आणि स्वतः बसली. तिला आवाज ऐकू आला नाही, पण मास्कमधली वाफ तिनं डोळ्यांनी बघितली. रोज दुपारी अण्णा एका लेकराच्या तोंडावरून मास्क काढायचा आणि दुसऱ्याच्या तोंडावर लावायचा. रोज मागे तो आवाज तुटायचा. "रोज माझ्या हातानं," एवढंच तो मला म्हणाला.

शेवटी वहिनीनंच मार्ग काढला. हॉस्पिटलमध्ये ओळख झालेलं, कडेवर पोर घेऊन येणारं एक कुटुंब होतं. तसंच मशीन त्यांच्याकडे होतं आणि त्यांना ते आता लागत नव्हतं. का लागत नव्हतं, हे कुणी विचारलं नाही.

ते तिनं घरी आणलं आणि भिंतीकडच्या उशीशी लावलं.

त्या दिवसापासून ठमीचा मास्क हलला नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. ठमी सात वर्षांची झालीय. चालताना भिंत धरते, पण खोड्या तशाच. दुपारी ती झोपल्यावर मी खोलीत डोकावले. दोन मशीन चालू होती. एक ठमीला लावलेलं. दुसऱ्याचा मास्क रिकाम्या उशीवर. मी नीट बघितलं...

आत वाफ धरत होती.

वहिनी मागून आली. तिनं पलीकडची चादर गळ्यापर्यंत सारखी केली, जिथे गळा नव्हता तिथे. "हळू बोला हं," ती कुजबुजली. "आत्ताच झोपलाय."

मी बाहेर आले. अण्णा जिन्यात बसला होता.

"बघितलंस?"

"हो."

"ऐकलंस?"

मी नाही म्हटलं.

"मला ऐकू येतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. बारीक, भरभर चालणारा श्वास आहे. दीड-दोन वर्षांच्या पोराचा असतो तसा."

मला कळेना. "म्हणजे?"

"आमचा थोरला नाही तो."

आतून मशीनचा आवाज येत होता.

"वहिनीला सांगितलंस?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग थोरला कुठे आहे, अण्णा?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. ज्या हातांनी त्यानं मास्क ओढला होता, त्या हातांकडे.

"अरे, मग बंद कर ना ते मशीन," मी म्हणाले.

"कसं करू?" तो म्हणाला. "कुणाचं तरी लेकरूच आहे ना गं."

मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. तेव्हापासून माझी मुलं झोपली की मी त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहते. दोघांचे श्वास नीट ऐकून घेते.

पण दोन झाले की लगेच मागे फिरते. त्यापुढे ऐकत थांबायची माझी हिंमत होत नाही...